नियमाचा खर्च कोणाच्या वहीत?

आग्रही : कर्जदाराच्या भल्यासाठी नियम केला की त्याचा खर्च विचारणं असभ्य ठरतं. मला हे पटत नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ला परिपत्रक काढलं, आणि १ ऑक्टोबर २०२४पासून व्यक्तींना आणि लहान-मध्यम उद्योगांना मिळणाऱ्या प्रत्येक नव्या मुदत कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, बँकेतल्या बोलीत केएफएस, देणं सक्तीचं झालं. व्याज आणि सगळी शुल्कं धरून पडणारा वार्षिक दर एका आकड्यात, हप्त्यांचं पूर्ण कोष्टक, वसुलीची रीत, तक्रारीचा पत्ता. तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस. त्या कागदावर नसलेलं शुल्क पुढे त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. नियम चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या रायपुरातल्या छोट्या नागरी सहकारी बँकेला असा नियम आला की संगणकप्रणाली बदलून घ्यावी लागते, फॉर्म नव्याने छापावे लागतात, काउंटरवरच्या माणसांना शिकवावं लागतं, आणि पुढे दर कर्जामागे थोडा वेळ जातच राहतो. हा पैसा कुठून तरी येतो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या वित्तीय कायदे सुधारणा आयोगाने २०१३मध्येच सांगितलं होतं की नियामकाने नियमाबरोबर त्याच्या खर्चाचा आणि लाभाचा हिशेब मांडावा. रिझर्व्ह बँकेने ७ मे २०२५ला नियम कसे करायचे याची चौकट जाहीर केली. मसुदा लोकांपुढे ठेवायचा, किमान २१ दिवस म्हणणं ऐकायचं, आणि शक्य असेल तिथवर परिणामांचं विश्लेषण करायचं. माझं भांडण त्या ‘शक्य असेल तिथवर’शी आहे. ते शक्य आहे, आणि व्हायलाच हवं.

साशंक : भाऊ, आधी हे सांगा की आकडा कुणाच्या हातून येणार. नियम पाळायला किती खर्च आला हे नियामकाला ठाऊक नसतं, ते बँकेलाच विचारावं लागतं. खर्च मोठा सांगितला तर नियम सैल होण्याची, निदान मुदतवाढ मिळण्याची आशा असते. लहान सांगून कुणाच्या पदरात काही पडत नाही. मग कुठला आकडा येईल? आणि लबाडी बाजूला ठेवा, प्रामाणिक बँकेलाही हे सांगता येत नाही. तिच्या खतावणीत ‘ग्राहक संरक्षण’ नावाचं खातं नसतं. पगार असतो, छपाई असते, सॉफ्टवेअरचं बिल असतं. अमेरिकेत ग्राहकांच्या वित्तीय संरक्षणासाठीच स्थापन झालेल्या सरकारी ब्यूरोने नोव्हेंबर २०१३मध्ये याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. ठेव खात्यांशी संबंधित काही मोजके नियम घेतले होते, आणि बँका घेतल्या होत्या सात. त्या सातांसाठीसुद्धा कर्मचाऱ्यांना भेटून, तुमचा किती वेळ कशात जातो हे विचारून अंदाज बांधावे लागले. एवढं मनुष्यबळ आणि पैसा असलेल्या संस्थेला सात बँकांवरून देशाचा आकडा सांगता आला नाही.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. नियम नसता तर बँकेने काय केलं असतं? हप्त्यांचं कोष्टक नीट चालणाऱ्या बँका आधीपासून देत होत्या. मग ते छापण्याचा खर्च नियमाचा की धंद्याचा? कर्जदाराचं उत्पन्न तपासणं बँकेला स्वतःचे पैसे परत यावेत म्हणूनही लागतं. ते अनुपालनाच्या खात्यावर टाकायचं का? बँका टाकतात. आधीपासून जबाबदारीने वागणाऱ्या बँकेचा वाढीव खर्च कमी निघतो, आणि ज्या बँकेने आजवर काहीच सांगितलं नव्हतं तिचा भरमसाट निघतो. म्हणजे ज्याला नियमाची सर्वात जास्त गरज होती त्याच्याच हातात नियमाविरुद्धचा सर्वात मोठा आकडा.

आग्रही : शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, आणि नेमका त्यासाठीच मोजणी हवी. कुणाचा खर्च जास्त आला आणि का, हे दिसलं तर तुमच्या त्या बँकेचं बिंग फुटेल. मोजायचं ते नियमामुळे वाढलेलं तेवढंच. एकाच शाखेत नियमाआधी आणि नियमानंतर, घड्याळ लावून. एकदाच येणारा खर्च वेगळा आणि दर कर्जामागे येणारा वेगळा. हे काही अशक्य काम नाही.

अमेरिकी फेडरल रिझर्व्हचे अर्थतज्ज्ञ ग्रेगरी एलिहाउसेन यांनी १९९८मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. बँकांच्या व्याजाखेरीजच्या खर्चात सगळ्या प्रकारच्या नियमनाचा वाटा १२ ते १३ टक्क्यांच्या आसपास निघतो असं त्यात आलं. त्या टक्क्यांवर वाद घाला हवा तर. मला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. बँक जितकी लहान तितका एका खात्यामागचा भार जास्त. आणि नियम बदलला की जो पहिला मोठा खर्च बसतो, तो बदल केवढा आहे याच्याशी फारसा निगडित नसतो. बदल छोटा असो वा मोठा, प्रणालीला हात लावावाच लागतो, माणसांना पुन्हा शिकवावंच लागतं. म्हणून दर दोन महिन्यांनी एकेक छोटी सुधारणा करण्यापेक्षा एकदाच नीट केलेला मोठा बदल स्वस्त पडू शकतो. आता आपल्याकडे बघा. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये नियम आढावा प्राधिकरण नेमलं, त्याच्या शिफारशीवरून ७१४ सूचना मागे घेण्याजोग्या ठरल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये नऊ हजारांहून जास्त परिपत्रकं रद्द करून २४४ एकत्रित निदेश आले. इतकी वर्षं ती परिपत्रकं फायलीत होती, प्रत्येक तपासणीत त्यांचा संदर्भ निघत होता. मी सहकारी बँकेत ज्या टेबलावर काम केलं तिथे नवं परिपत्रक आलं की आधी जुन्या कुठल्या परिपत्रकाला ते लागू पडतं हे शोधण्यातच दिवस जाई. त्या दिवसांनी कुठल्या ग्राहकाचं रक्षण झालं?

साशंक : कुणाचंच नाही. जुनी अडगळ काढली याचं मलाही समाधान आहे. पण तुम्ही पुन्हा टेबलाच्या एकाच बाजूला बसून मोजताय. माझं काम दुसऱ्या बाजूला असतं. बिरगावात, उरल्याच्या कारखान्यांच्या भोवती, समूह कर्ज घेतलेल्या बायकांबरोबर. त्यांच्या बाजूचा हिशेब आत्ता इथेच करून पाहू.

समजा मायक्रोफायनान्स कंपनीचं चाळीस हजारांचं कर्ज आहे. नियमाप्रमाणे माहितीपत्रक, म्हणजे तुमचं केएफएस, समजावून सांगायला अधिकाऱ्याची वीस मिनिटं जातात असं धरू. त्याचा पगार वीस हजार आणि महिन्याचे दोनशे तास धरले तर तासाला शंभर रुपये, म्हणजे वीस मिनिटांचे तेहतीस. हा झाला कंपनीचा दर कर्जामागचा खर्च, आणि तो कंपनी नोंदवणार, संघटनेमार्फत दिल्ली-मुंबईला सांगणार. आता कर्ज घेणारी बाई. तिला त्यासाठी अर्धा दिवस मोडावा लागतो. रोजगार हमीचा छत्तीसगडचा २०२४-२५चा दर २४३ रुपये होता. अर्ध्या दिवसाचे धरा १२१. एकाच कागदासाठी कंपनीचे तेहतीस आणि तिचे एकशे एकवीस. तिच्या १२१ रुपयांची नोंद देशातल्या कुठल्याच वहीत नाही. उद्या कंपनीने हिशेब मांडला आणि ती वीस मिनिटं वाचवायला कागद फोनवर पाठवण्याची परवानगी मागितली, तर तुमच्या पद्धतीने खर्च घटला असं निघेल. पण फोन नवऱ्याकडे असतो, कागद वाचून घ्यायला तिला कुणाच्या तरी पाया पडावं लागतं, आणि तो खर्च पुन्हा तिचाच. कंपनीच्या वहीतून पुसला आणि तिच्या माथ्यावर आला. तुमच्या मोजणीत त्याला बचत म्हणतात.

आग्रही : ताई, तुम्ही आत्ता जे केलंत त्यालाच मी मोजणी म्हणतो. माझ्याहून चांगली केलीत. तेहतीस विरुद्ध एकशे एकवीस हा आकडा जर रिझर्व्ह बँकेच्या मसुद्याबरोबर छापून आला असता तर चर्चाच वेगळी झाली असती. मग मोजणीला विरोध कशाला?

पण मला तुमच्या आकड्यात एक टोचणारी गोष्ट दिसते. तिच्या वेळेची किंमत तुम्ही तिच्या मजुरीवरून ठरवलीत. मग तेलीबांध्याच्या बाजूला फ्लॅट घेणाऱ्या इंजिनिअरचा अर्धा दिवस दोन हजारांचा ठरेल. गृहकर्जाच्या नियमाने वाचलेला वेळ मौल्यवान आणि समूह कर्जाच्या नियमाने वाचलेला वेळ स्वस्त असं निघेल. ज्याची मजुरी कमी त्याचं संरक्षण या हिशेबात आपोआप कमी मोलाचं ठरतं.

साशंक : म्हणून तर मी कचरते. न मोजलं तर ती बाई दिसतच नाही, मोजलं तर स्वस्तात दिसते. मी तो आकडा मांडला तो तुमच्या वहीत तिचं नाव यावं एवढ्यासाठी. त्यावर कुणी नियम तोलायला लागलं तर मी तो आकडा परत घेईन.

आणि काही गोष्टी रुपयांत येतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या मायक्रोफायनान्स चौकटीत सांगितलंय की सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, वसुलीसाठी धाकदपटशा करायचा नाही. कंपनीला याचा खर्च काढता येतो. बाई दिवसभर कामावर असते, भेटत नाही, वसुलीच्या फेऱ्या वाढतात. फेऱ्या गुणिले पेट्रोल, झाला आकडा. आणि बाईला काय मिळालं? संध्याकाळी शेजारणींच्या देखत दारात कुणी उभं राहिलं नाही. याची किंमत कुठल्या दराने लावाल?

आग्रही : रिझर्व्ह बँकेने अशा गोष्टींना दर लावलेत. कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेचे मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला पाच हजार रुपये कर्जदाराला द्यायचे, असं १३ सप्टेंबर २०२३चं परिपत्रक आहे. त्याआधी फाईल सापडत नाही म्हणून लोक महिनोन्महिने शाखेच्या चकरा मारत. तसंच २०२१च्या एकात्मिक लोकपाल योजनेत नुकसानभरपाईशिवाय तक्रारदाराचा गेलेला वेळ, झालेला खर्च आणि मनस्ताप यासाठी एक लाखापर्यंत देण्याची तरतूद केली. म्हणजे ग्राहकाच्या वेळेला किंमत आहे हे नियामकाने लिहून दिलंय. मी म्हणतो तीच किंमत नियम करण्याआधी धरा.

साशंक : पाच हजार हा दंड आहे, ते मोजमाप नाही. तो बँकेला घाबरवण्याइतका मोठा ठेवलाय, आणि बरोबर ठेवलाय. कुणाचा दिवस पाच हजारांचा आहे हे तिथे कुणी तपासलं नाही. मला ती पद्धत तुमच्या मोजणीपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते. जुन्या मध्य प्रांताचा १९३४चा सावकारी कायदा, जो छत्तीसगडात अजून लागू आहे, त्यातही तेच होतं. सावकाराने प्रत्येक ऋणकोचं वेगळं खातं ठेवायचं, दरवर्षी त्याला लेखी उतारा द्यायचा. नाही दिला तर कोर्ट त्याचं व्याज कापू शकतं. उतारा लिहायला मुनीमाचा किती वेळ जातो हे विचारत कुणी बसलं नाही. परवडतं की नाही ते सावकाराने ठरवावं.

आग्रही : आणि त्या कायद्याचा लाभ मिळायला ऋणकोला काय करावं लागे? कोर्टात उभं राहावं लागे. वकील, तारखा, गावाहून रायपूरला खेपा. व्याज कापलं जाण्याची धमकी तेवढीच खरी जेवढा ऋणको कोर्टापर्यंत पोचू शकेल. तुम्ही आत्ताच म्हणालात की खर्च एका वहीतून दुसऱ्या माथ्यावर जातो. दंडाच्या पद्धतीतही तो गेलाच, फक्त तिथे तुम्हाला तो दिसला नाही.

साशंक : दिसतो. रोज दिसतो. लोकपालाचं कार्यालय आपल्या रायपुरात आहे, तक्रारीला शुल्क नाही. कागदावर याहून स्वस्त न्याय नाही. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवस थांबायचं, मग पोर्टलवर भरायची किंवा चंदीगडच्या केंद्रीकृत कक्षाला पाठवायची. लिहिता येणारा निवृत्त माणूस हे करतो. मजुरी करणारी बाई करत नाही. त्यामुळे लोकपालाच्या तक्रारींवरून ग्राहकांचा त्रास मोजायला गेलात तर ज्यांना सर्वात जास्त त्रास आहे तेच त्यात नसतील. तुमची मजुरीच्या दराबद्दलची हरकत मी मान्य केली, ही माझी हरकत तुम्ही मान्य करा.

आग्रही : केली.

साशंक : मग आता मुळाशी येऊ. तुम्ही अनुपालनाचा खर्च मोजायचं म्हणता. अनुपालन म्हणजे संरक्षण नव्हे. कोरब्याचं फ्लोरा मॅक्स प्रकरण तुम्ही वाचलंच असेल. हजारो बायकांनी मायक्रोफायनान्स कंपन्यांकडून कर्ज काढून पैसे त्या कंपनीत घातले, परतावा मिळेल या आश्वासनावर, आणि २०२४च्या अखेरीस ते सगळं कोसळल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. कर्ज मात्र त्यांच्याच नावावर राहिलं. आता धरून चाला की ती कर्जं नियमाप्रमाणेच दिली होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत, महिन्याची परतफेड उत्पन्नाच्या अर्ध्याहून जास्त नाही, तारण नाही, माहितीपत्रकावर सही आहे. अनुपालन शंभर टक्के. त्याचा खर्चही कुठेतरी नोंदलेला असेल. पण त्या बायकांचं संरक्षण झालं का? इतक्या बायका एकाच सुमारास, एकाच भागातून कर्ज मागताहेत आणि पैसे त्यांच्या हातात टिकत नाहीत, हे ओळखायला नियम नव्हता, डोळे लागत होते. वसुली अधिकाऱ्याला डोळे असतात, पण त्याच्या तक्त्यात तो रकाना नव्हता. आणि माझी भीती अशी की तुम्ही जितकं काटेकोर मोजाल तितका तो तक्ता पक्का होत जाईल, कारण मोजता येतं ते कागदच.

(दोघांच्या बोलण्यात मला इथे एक गोष्ट सर्वात जड वाटते. आपल्याकडच्या सगळ्या जाहीर चर्चेत अनुपालनाचा खर्च आणि संरक्षणाचं यश हे दोन्ही कर्ज देणाऱ्याच्या कागदांवरूनच मोजले जातात. मोजणीचा प्रश्न त्या कागदांच्या बाहेर पडत नाही तोवर दोघांपैकी कुणाचंच समाधान होऊ नये, असं माझं मत आहे.)

आग्रही : कोरब्याचं उदाहरण मला अस्वस्थ करतं आणि त्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. पण त्यातून निघतं ते एवढंच की फक्त खर्च मोजून भागत नाही, परिणामही मोजावा लागतो. आणि तो मोजता येतो. अमेरिकेने २००९मध्ये क्रेडिट कार्डांच्या शुल्कांवर लगाम घालणारा कायदा केला. बँकांनी तेव्हा सांगितलं की शुल्कं बंद केली तर आम्ही व्याज वाढवू, ग्राहकाला काहीच मिळणार नाही. २०१५मध्ये चार अर्थतज्ज्ञांनी कार्डखात्यांची प्रत्यक्ष आकडेवारी घेऊन दाखवलं की ग्राहकांचे वर्षाला सुमारे ११.९ अब्ज डॉलर वाचले, आणि त्या बदल्यात व्याज वाढल्याचं आढळलं नाही. मोजणी नसती तर बँकांचं म्हणणं आजही छातीठोकपणे सांगितलं गेलं असतं. ताई, ग्राहकाच्या बाजूने वापरता येणारं याहून धारदार शस्त्र मला माहीत नाही.

आपल्याकडेही झालंय. आंध्र प्रदेशातल्या संकटानंतर रिझर्व्ह बँकेने २०१०च्या ऑक्टोबरमध्ये वाय. एच. मालेगाम यांची समिती नेमली. तिने मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या हिशेबांवरून पैसा उभारण्याचा खर्च आणि कर्ज वाटण्या-वसुलण्याचा खर्च वेगळा काढला, आणि जानेवारी २०११च्या अहवालात सुचवलं की मोठ्या कंपन्यांनी आपल्या पैशाच्या खर्चावर १० टक्के आणि लहानांनी १२ टक्के एवढंच मार्जिन घ्यावं. हिशेबाच्या वह्यांतून निघालेला आकडा थेट कर्जदाराच्या व्याजावर मर्यादा म्हणून लागला.

साशंक : आणि पुढे काय झालं तेही सांगा. रिझर्व्ह बँकेने स्वतः जून २०२१च्या चर्चापत्रात म्हटलं की ती मर्यादा बाजाराचा मापदंड बनली. ज्या बँकांना पैसा स्वस्तात मिळतो त्यांचे दरही तिच्याच आसपास घुटमळत राहिले, आणि कमी खर्चाचा फायदा कर्जदारापर्यंत पोचला नाही. खर्चाचा एक सरकारमान्य आकडा छापला की त्याच्या खाली जाण्याचं कुणाला कारण उरत नाही. २०२२मध्ये ती मर्यादा काढली. मग ऑक्टोबर २०२४मध्ये चार कंपन्यांना, त्यात दोन मायक्रोफायनान्सच्या, जबर दर आकारल्यावरून नवी कर्जं देण्यास मनाई करावी लागली. आकडा ठेवला तर सगळे त्याला चिकटले, काढला तर काहींनी धरबंद सोडला. यातून मी कुठला धडा घ्यायचा?

आग्रही : दोन्ही वेळा लोकांनी आकड्याचा वापर केला, मोजणी आपल्या जागी बरोबर होती असं मी म्हणेन. पण हे उत्तर मला स्वतःलाच थोडं पळवाटेचं वाटतं, म्हणून पुढे जातो. छोट्या बँकांबद्दल बोलू, कारण माझा जीव तिथे अडकलाय. रायपुरात १९१३मध्ये वामनराव लाखे यांनी सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. लाखेनगर ज्यांच्या नावाने आहे तेच. माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’च्या मागे उभे राहिलेले. १९०४ आणि १९१२च्या सहकारी कायद्यांनी प्रत्येक संस्थेचे हिशेब वर्षातून निदान एकदा तपासण्याची जबाबदारी निबंधकावर, म्हणजे सरकारी यंत्रणेवर टाकली होती. सभासदाचं संरक्षण करणारा तो सर्वात महत्त्वाचा नियम होता. नवख्या, गरीब संस्थांवर तपासणीचं ओझं टाकलं तर त्या उभ्याच राहणार नाहीत हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. आज तपासनीस नेमणं, संगणकसुरक्षा, तक्रार निवारण, केवायसी, सगळं बँकेवर. शंभर कोटींपर्यंत ठेवी असलेल्या नागरी बँकांना रिझर्व्ह बँकेने पहिल्या स्तरात ठेवलंय आणि काही बाबतींत सवलत दिलीय, पण किती सवलत पुरेशी हे कुणी मोजून ठरवलेलं नाही. लाखेंची पिढी आज आली असती तर बँक काढू शकली असती का, हा माझा खरा प्रश्न आहे.

साशंक : माझा प्रश्नही रायपूरचाच आहे. २००६मध्ये इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरी सहकारी बँक घोटाळ्यात बुडाली. ती छोटीच होती. बायकांच्या नावाने निघालेली, घरातून बाजूला काढलेले पैसे जिथे ठेवले जात अशी. तेव्हा ठेव विमा एक लाखापर्यंतच होता, पाच लाखांची मर्यादा आली फेब्रुवारी २०२०मध्ये. लहान बँकेवर भार जास्त पडतो म्हणून तिला नियम कमी लावा, हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण लहान बँकेचा ठेवीदार लहान नसतो का? त्याची ठेव बुडली तर त्याच्याकडे दुसरी ठेव नसते. तुमच्या मोजणीतून सवलत निघणार ती बँकेला, आणि तिची किंमत भरणार तो.

लाखेंच्या काळाचं तुम्ही जे सांगितलंत त्यात मात्र मला काहीतरी सापडलं. तेव्हा नियम सैल केला नव्हता. तपासणी तेवढीच कडक, फक्त तिचं ओझं दुसऱ्याने उचललं.

आग्रही : हो. आणि कुणी उचलायचं हे ठरवायला ओझं केवढं ते माहीत लागतं. ठेव विम्याचंच बघा. एप्रिल २०२०मध्ये हप्ता शंभर रुपयांमागे दहा पैशांवरून बारा पैसे झाला. नियम सांगतो की तो बँकेने स्वतः सोसायचा, ठेवीदाराकडून घ्यायचा नाही. पण बँकेने ठेवीचा दर जरासा कमी ठेवला तर तो ठेवीदारानेच भरला की. बारा पैशांचा आकडा लख्ख आहे, तरी कुणी भरला हे सांगता येत नाही. केएफएसचा तर आकडाही नाही.

साशंक : म्हणजे तुम्हीच म्हणताय की आकडा असूनही कुणी भरलं ते कळत नाही.

आग्रही : कळत नाही, पण शोधता येतं. आकडा नसला तर शोधायला सुरुवातही होत नाही. तर मी माझी मागणी बदलतो. बँकेचा खर्च एकटा मोजायचा नाही. जिथे मोजाल तिथे दोन रकाने: देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, एकाच घड्याळाने. घेणाऱ्याचा रकाना बँकेने भरायचा नाही, बाहेरच्या माणसाने भरायचा, समूहाच्या बैठकीत बसून, घरी जाऊन. घेणाऱ्याच्या बाजूला आधी वेळ लिहायचा, तासांत. रुपये नंतर, आणि लिहिले तर सगळ्यांच्या तासाला एकच दर. इंजिनिअर असो की मजूर.

साशंक : एकच दर. हे मला आवडलं. पैसा कुठून आणाल? देशभर बैठकींना माणसं बसवायला खर्च येतो.

आग्रही : दहा वर्षं कुणी न मागितलेल्या ठेवी २०१४पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात. ग्राहकाच्या बाजूचा हिशेब करायला याहून योग्य पैसा कुठला?

साशंक : त्या ठेवी कुणाच्या आहेत? मेलेल्यांच्या, विसरलेल्यांच्या, आणि ज्यांच्या वारसांना पासबुक सापडलं नाही त्यांच्या. ज्यांना पैसे परत मिळवण्याचा खर्च परवडला नाही त्यांच्या पैशांतून ग्राहकाचा खर्च मोजायचा, हे माझ्या मनाला लागतं. कर्ज देणाऱ्यांनी भरावं. खर्चाचं गाऱ्हाणं ते मांडतात, तर मोजणीचाही भार त्यांनीच उचलावा.

आग्रही : मग ते मोजणीवर हक्क सांगतील. आणि शेवटी तो पैसाही व्याजात येईलच.

साशंक : येईल. तरी मला तेच बरं वाटतं. आणि आता मला एका गोष्टीचं सरळ उत्तर द्या. नियमाचा मसुदा निघाला. बँकांनी त्यांचा रकाना २१ दिवसांत भरून पाठवला, संघटनेच्या शिक्क्यासह. बिरगावातून एकही पत्र गेलं नाही, जाणारही नाही. दुसरा रकाना भरायला सहा महिने लागणार. तोवर नियम थांबवायचा का?

आग्रही : थांबवू नये. रकाना रिकामा ठेवून नियम लागू करावा, आणि वर्षाने दोन्ही रकाने भरून तो पुन्हा तपासावा.

साशंक : रिकाम्या रकान्याला बँका शून्य समजतील. उजवीकडे काहीच नाही, डावीकडे कोटी, असा तक्ता घेऊन त्या न्यायालयात जातील.

आग्रही : जातील. पण भरलेला रकाना घेऊन तुम्हीही जाऊ शकाल, वर्षाने. तोवर रिकामी जागा ही रिकामी आहे, तिथे शून्य नाही, एवढं मसुद्यातच छापून घ्या.

साशंक : आणि वर्षाने त्या बाईच्या अर्ध्या दिवसाचा पुरावा मागितला तर? तिच्याकडे हजेरीपट नाही, पावती नाही. ती सांगेल की मी दुपारपर्यंत बसले होते. कंपनीचं यंत्र सांगेल की बैठक वीस मिनिटांत संपली.

आग्रही : तिथे कुणाचं धरायचं हे मला आज सांगता येत नाही. बैठकीच्या आधी आणि नंतरची वाटही मोजायला हवी, एवढं मात्र तुम्ही आत्ता मला दाखवलंत.

साशंक : वाट मोजायची तर घरून मोजा. दारापासून दारापर्यंत.